अनवाणी पायांसाठी बटणं

माझ्या गिटारचा आवाज बदलायला मला वाकावं लागायचं आणि मी वाकले की समोरून शिट्टी यायची. सगळं भांडण एवढ्यावरूनच.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी भोरच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत होते. ऑर्केस्ट्रा म्हणजे फार मोठं काही नाही. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन गाणारे, कोरसला दोघी आणि गिटारवर मी. भोर-वेल्ह्याच्या जत्रा, हळदी असले कार्यक्रम आम्ही करायचो. पुण्यातला एक बँड मोडला तेव्हा त्यांचा इफेक्ट प्रोसेसर मी स्वस्तात विकत घेतला होता. गिटारची वायर त्यात घातली की हवा तो आवाज निघायचा. लावणीला स्वच्छ, भक्तिगीताला घुमणारा, सिनेमाच्या गाण्याला फाटका. पण आवाज बदलायची चकती त्या डब्याच्या तोंडावर, आणि डबा स्टेजच्या फळ्यांवर. स्टुलावर ठेवून पाहिला, तर नाचणाऱ्यांच्या हादऱ्यानं खाली आला. मग एका गाण्यात दोनदा वाका, ओढणी सावरा, चकती फिरवा.

आमचे मास्तर म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. कीबोर्डही तेच वाजवायचे. वयानं वडिलांसारखे, मनानं वाईट नव्हते. शिट्ट्यांवर त्यांना एकच इलाज सुचला.

"पोरी, तू आपली कोरसमधी बस. गिटारीचा आवाज म्या कीबोर्डवर काढतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोटांना घट्टे पडेपर्यंत वाजवायला शिकले, ते काय कोरसमध्ये टाळ्या वाजवायला? मी म्हटलं, "न्हाई बसायची." शेवटी मास्तर एवढंच म्हणाले, "मार्गासनीच्या पल्याडची जत्रा हाय पुढं. तितं एकदा जरी वाकलीस, तर गिटार कायमची ठेवायची." मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. गिटार गेली असती तर माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

त्याआधी पानशेतच्या एका हॉटेलात, रविवारी पुण्याच्या पाहुण्यांसाठी गाणाऱ्या एका पोराच्या पायाशी मी एक वस्तू पाहिली होती. आडवी पट्टी, तिच्यावर बटणं. हात तारांवरून न काढता तो बुटाच्या टोकानं आवाज बदलत होता. नाव विचारलं तर म्हणाला, "मिडी फूट कंट्रोलर." त्या पट्टीची वायर त्याच्या डब्यामागच्या पाच छिद्रांच्या खोबणीत गेली होती. तसलीच खोबण माझ्या डब्यामागंही होती, तिचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

एसटी धरून पुणं गाठलं. वाद्यांच्या दुकानात विक्रेत्यानं स्वस्तातली म्हणून जी पट्टी पुढं केली, ती आमच्या घरच्या पाटाएवढी. दहा बटणं, दोन ओळींत, शिवाय दोन पेडल. "मॅडम, या किमतीत एवढं कुणी देत नाही. सगळे हीच नेतात."

मी चपला काढल्या.

"चपला राहू द्या की, चालतं."

"आमच्याकडं स्टेज देवळापुढं असतंय. चपला घालून कोण उभं राहू देईल?"

तो हसला. हसू दे. मी अनवाणी पायानं मागच्या ओळीतलं बटण दाबायला गेले, तर टाच पुढच्या बटणावर पडली आणि सलवारीची मोहरी पेडलला अडकली. शिवाय त्या पट्टीला भिंतीतली वीज हवी. आमच्याकडं लोडशेडिंग, जनरेटरचा दाब खालीवर, आणि प्लगसाठी आधीच मारामारी. दहा आवाज हवेत कुणाला? मला तीन पुरत होते. मग काचेच्या कपाटात तळाला एक जुनी, वापरलेली पट्टी दिसली. चार बटणं, एका ओळीत, ऐसपैस अंतरावर. वरून गोल, बोटाला न टोचणारी. बॅटरीवर चालणारी. चौथं बटण मेलेलं होतं. "ती बिगिनर लोकांची आहे," विक्रेता म्हणाला. मी पायाच्या अंगठ्यानं तिन्ही बटणं पुन्हापुन्हा दाबून पाहिली आणि म्हटलं, "हीच द्या."

भोरला आल्यावर नवंच त्रांगडं. तालमीआधी मास्तर सगळ्या वाद्यांना कुंकू लावायचे. पट्टीपाशी येऊन थबकले. "ही कशानं वाजवायची?"

"पायानं."

"वाद्याला पाय? अगं, चुकून लागला तरी आपून पाया पडतो!"

मीही पेटले. "मास्तर, माजी आय शिलाई मशीन चालवती. दसऱ्याला तिला झेंडू घालती, हळदीकुंकू लावती, आन् दुसऱ्या दिवशी त्याच मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून आमचं पोट भरती. तिच्यावर कुठला देव रागावलाय?"

मास्तरांनी कुंकू लावलं नाही. "तुजी ती पट्टी वाद्यांच्या चटईवर न्हाई ठेवायची," एवढंच म्हणाले. मी ती चटईबाहेर फळीवर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि मग तिच्यावर पाय दिला.

जत्रेच्या दिवशी दिवे लागले, आम्ही देवळापुढच्या मांडवात उभे राहिलो. पहिल्या गाण्याला पहिलं बटण. दुसऱ्याला दुसरं. अंगठ्याखाली बटण दबायचं आणि आवाज पालटायचा; मी समोर बघत, ताठ. चौथं गाणं रंगात आलं आणि डावीकडून शिट्टी आली. लांबलचक, नेहमीसारखी. माझा हात क्षणभर चुकला.

मध्यंतरात पडद्यामागं मास्तर म्हणाले, "बग. एवढं पुण्याला जाऊन बटणं आणलीस, काय झालं? शिट्टी आलीच की. आता बस कोरसमधी."

"व्हय, आली. मी वाकले न्हवते, तरी आली. म्हंजे खोट माज्या वाकण्यात न्हवतीच, मास्तर. त्या शिट्टीवाल्याला जाऊन सांगा कोरसमधी बसायला."

ढोलकीवाले काका ढोलकीवर डोकं टेकून हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला, कीबोर्डमागं जाऊन बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "गिटारीनं सुरू व्हतंय त्ये गाणं घे मग. आन् जरा पुढं हो. हितं अंधार पडतोय."

मी पट्टी पायानंच पुढं सरकवली आणि अगदी कडेला जाऊन उभी राहिले. पडदा उघडला तशी शिट्टी आली, त्याच बाजूनं. मी त्या बाजूला तोंड केलं, अंगठ्यानं तिसरं बटण दाबलं आणि तो सगळा फाटका आवाज त्याच्यावर सोडला.