लढाईला दिलेली जमीन

महायुद्धाच्या काळात लष्करानं आमच्या गावची भातशेती घेतली. लढाई संपली की परत मिळेल, असं सगळे सांगत. लेखी कोणाकडेच काही नव्हतं. शेतांवर लांबलचक बराकी उभ्या राहिल्या. पुढे लढाई संपली, सैनिक गेले, आणि आम्ही नांगर घालायची वाट बघत असतानाच फाळणीमुळे सिंधमधून आलेली माणसं त्या बराकींत राहायला आली.

गावात सातवी पास झालेली मी एकटीच. त्यामुळे सगळ्यांचे अर्ज मी लिहायचे आणि खाली अंगठे घ्यायचे. अखेर कल्याणच्या कचेरीत सुनावणी लागली. साहेब तरुण होता, माणूस वाईट नव्हता.

"निर्वासितांना निवारा देणं हा देशाचा प्रश्न आहे," तो म्हणाला.

"मग आमी काय परदेशातले?" बाबांनी विचारलं.

साहेबानं त्यांच्यासाठी पाणी मागवलं. निकाल मात्र दिला नाही.

येताना बाबा मला थेट त्या बराकींच्या कॅम्पात घेऊन गेले. आमच्या शेतातली विहीर त्यांनी स्वतः खणलेली. तिच्याभोवती हंड्यांची रांग होती, आत चिंध्या तरंगत होत्या. बाबा ओरडले, "विहीर हाय का उकिरडा?" माणसं जमली. "ये जमीन मेरी है," बाबा म्हणाले. मला वाटलं, आता मारामारी होणार.

एक म्हातारा पुढे आला. तिकडे सिंधमध्ये आपलीही गव्हाची शेती होती, असं त्यानं सांगितलं. बाबांनी तुटक्या हिंदीत विचारलं, "तुम वापस नाय जायेगा?"

"सबने बोला था, दो-चार महीने में लौटेंगे," तो म्हणाला. "बैल पड़ोसी के पास छोड़ के आया."

"कितने बैल?"

"दो जोड़ी."

बाबा विहिरीपासून मागे वळले आणि त्यांनी घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "बाय, नवा अर्ज लिही. याच्या बदल्यात दुसरीकडं जमीन द्या म्हणावं. आणि विहीर साफ करा म्हणावं."

देवळात बैठक झाली तेव्हा चुलते संतापले. "तू हक्क सोडलास! उद्या कचेरीवाले म्हणतील, यांना ही जमीन नकोच होती."

"त्यांना काढून तिथं भात लावशील तू?" बाबांनी विचारलं.

"त्यांना कुठं ठेवायचं ते सरकार बघंल. आपल्याच शेतात का?"

मला चुलत्यांचं पटत होतं. तसं मी बाबांना सांगितलंही. ते म्हणाले, "मग चुलत्यांचाबी लिही." एकाच गावातून दोन अर्ज गेले, दोन्ही माझ्याच अक्षरात. त्यानंतर वर्षभर चुलते आमच्या घरी जेवले नाहीत.

विहीर साफ झाली, पुढे तिच्यावर पंपही बसला. जमीन मिळाली नाही, इथली नाही की दुसरीकडची नाही. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात मजूर म्हणून लागले. भोंग्यावर उठणं त्यांना कधी जमलं नाही, आईला हलवून उठवावं लागे. चुलते मरेपर्यंत कचेरीत खेटे घालत राहिले.

मी कॅम्पातल्या शाळेत शिक्षिका झाले. निर्वासितांना घर मिळायलाच हवं होतं, हे तिथल्या मुलांना शिकवताना मला कोणी वेगळं सांगायची गरज पडली नाही. पण त्या घराची किंमत एकट्या आमच्या गावानं का भरावी, या चुलत्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही कोणी दिलेलं नाही.