पाकिटातले अकराशे ऐंशी

हे वाचून कुणी मला "तुमच्यात काहीतरी शक्ती आहे" असं लिहिणार असेल, तर त्यानं इथंच थांबावं. असं म्हणणाऱ्यांनी गेले पाच महिने माझं डोकं उठवलंय. भूत, करणी, साक्षात्कार, अंतर्ज्ञान... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. पण जे घडलं ते घडलं. ते जसंच्या तसं सांगायला दुसरी जागा नाही, कारण घरात कुणी ऐकूनच घेत नाही.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये डिझाइन करतो — टॉवेलवर मोर काढायचा असला तर कुठला धागा वर, कुठला खाली, हे चौकटीच्या कागदावर मोजून काढायचं. आता ते कॉम्प्युटरवर होतं, पण चौकटीचे जुने कागद अजून ढिगानं पडलेत. दिवसभर आकडे मोजणारा माणूस असल्यामुळं मला आकड्यांच्या जादूचा नाद लागला. लग्न, बारसं, हळद, कुठंही चार माणसं जमली की "भाऊजी, ते आकड्याचं करा की!" अशी फर्माईश येणारच.

माझा हुकमी खेळ सांगून टाकतो. म्हणजे यात लपवण्यासारखं काही नाही, हे आधीच स्पष्ट होईल.

समोरच्यानं तीन आकडी संख्या मनात धरायची. पहिला आकडा शेवटच्यापेक्षा निदान दोनानं मोठा हवा. ती संख्या उलटी करून मोठीतून लहान वजा करायची. जे येईल ते पुन्हा उलटं करायचं आणि त्यातच मिळवायचं. कुठलीही संख्या धरा, उत्तर एक हजार एकोणनव्वदच येतं. नेहमी. जादू नाही, वजाबाकी आहे. मी फक्त आधीच एका चिठ्ठीवर १०८९ लिहून पाकिटात बंद करून ठेवतो. समोरचा उत्तर सांगतो, पाकीट फुटतं, टाळ्या.

दरवेळी नवी चिठ्ठी कोण लिहीत बसणार? एका रविवारी चौकटीच्या कागदाच्या बारा चिठ्ठ्या कापल्या, लाल पेननं बाराही चिठ्ठ्यांवर १०८९ लिहिलं, बारा पांढऱ्या पाकिटांत घालून डिंकानं चिकटवून टाकलं. गठ्ठा टेबलाच्या खणात. कार्यक्रमाला निघताना वरचं एक पाकीट उचलायचं आणि खिशात टाकायचं, बस.

मेव्हण्याची, महेशची, जुळे सोलापुरात वास्तुशांत होती. पूजा आटोपली होती, पंगत बसायला अजून अर्धा तास होता. हॉलमध्ये चाळीसेक माणसं. महेशनं नेहमीप्रमाणे पुकारा केला — "भाऊजींचा आयटम!"

मी विचारलं, कोण येतंय? आणि कधी नव्हे ते शिवाप्पा मामा पुढं आले.

शिवाप्पा मामा म्हणजे माझ्या बायकोचे, सुरेखाचे, मामा. मूळ अक्कलकोट तालुक्यातले. एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात त्यांनी चाळीस वर्षं काढली — कोण कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, कुणाचे किती तास भरले, याच्या नोंदी. गिरणी बंद पडली, पण मामांच्या डोक्यातलं घड्याळ बंद पडलं नाही. कॅल्क्युलेटरला ते "आळशाचं खेळणं" म्हणत. बायको वारल्यापासून ते मुलीकडं, गौराकडं, राहतात आणि नातीला स्कूटीवरून शाळेत नेणं-आणणं हे त्यांचं काम. असा माणूस स्वतःहून आला म्हणून मला भारी वाटलं.

नव्या गठ्ठ्यातलं ते पहिलंच पाकीट मी गौराच्या हातात दिलं. मामांना कागद आणि पेन दिलं. एकेक पायरी मी सांगत गेलो, ते माझ्याकडं पाठ करून लिहीत गेले. त्यांना जरा वेळ लागला. मला वाटलं, चष्म्यामुळं.

"झालं का मामा? सांगा उत्तर."

"अकराशे ऐंशी," मामा खणखणीत आवाजात म्हणाले.

आता असं कधीमधी होतं. लोकं गडबडीत चुकतात. मग मी "एकदा तपासून बघा" म्हणतो, चूक सापडते, खेळ पुढं चालतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गौरानं पाकीट फाडलंच होतं. ती ओरडली —

"अकराशे ऐंशी! बाबा, बरोबर हाय की!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. महेशनं शिट्टी मारली. गौराच्या हातातली चिठ्ठी मी ओढून घेतली. चौकटीचा कागद तोच. लाल शाई तीच. अक्षर माझं, १ची शेपटी मी लांब ओढतो, ती तशीच. आणि आकडा — ११८०.

मामांचा कागद घेतला. त्यांनी ६१४ धरले होते. त्यातून ४१६ गेले तर उरतात १९८. मामांनी लिहिले होते २९८. शतकाच्या घरातून एक उसना घेतला आणि तो कमीच केला नाही. पुढं २९८ आणि ८९२ची बेरीज. तिथं एक हातचा विसरले. दोन वेगवेगळ्या चुका, आणि त्यातून आलेले ११८०.

म्हणजे बघा. मामा बरोबर असते तर माझा खेळ फसला असता. मी नेहमीसारखा १०८९ लिहून आणला असता तरीही फसला असता. मामांनी दोन चुका केल्या आणि नेमक्या त्या दोन चुकांचं उत्तर माझ्या बंद पाकिटात होतं. चाळीस माणसांसमोर आयुष्यात पहिल्यांदा खरोखर अशक्य काहीतरी झालं होतं, आणि चाळीसच्या चाळीस माणसं ते ठरलेला खेळ समजून टाळ्या वाजवत होती!

"थांबा," मी म्हणालो. "हे चुकलंय. उत्तर असं येतच नाही."

लोक हसले. "भाऊजी, अ‍ॅक्टिंग लई भारी!"

"अ‍ॅक्टिंग नाही हो! उत्तर एक हजार एकोणनव्वद येतं. कुणीही करा, कुठलीही संख्या धरा." मी एका पत्रिकेच्या मागं करून दाखवायला लागलो. कुणी बघेना. एक काकू म्हणाल्या, "जमलं ना तुमचं? मग कशाला चिडताय?" मला इतका संताप आला की विचारू नका. वर्षानुवर्षं साध्या वजाबाकीला ही माणसं जादू म्हणत आली, आणि आज...

आणि मग मी तो मूर्खपणा केला. मामांचा कागद उंच धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हे बघा. मामांची वजाबाकी चुकली आहे. इथं. आणि बेरीजही चुकली आहे. इथं."

मामांनी कागद मागितला. उभ्या उभ्या, भिंतीवर कागद टेकवून, पुन्हा वजाबाकी केली. पुन्हा २९८ आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते. खेळात हरलेल्या माणसाची ती नजर नव्हती, घराची वाट विसरलेल्या माणसाची होती. मग कागद खिशात घातला, चप्पल घातली आणि न जेवता निघून गेले. गौरा पर्स उचलून मागं पळाली.

त्या दिवशी मी वास्तुशांतीचं जेवण गिळलं कसं, मलाच ठाऊक. परत येताना गाडीवर सुरेखा एवढंच म्हणाली, "माझ्या मामाला शाळेतल्या पोरासारखं उभं केलंत तुम्ही." घरी आल्या आल्या मी खणातली उरलेली अकरा पाकिटं फाडली. अकराही चिठ्ठ्यांवर १०८९. तिला दाखवायला गेलो तर ती म्हणाली, "मला कागद दाखवू नका."

दोन दिवस नातेवाइकांचे फोन. जावई शिकलेला असला म्हणून काय झालं, वडील माणसाचा मान ठेवायला नको? चिठ्ठीबद्दल एकानंही विचारलं नाही. एकानंही!

तिसऱ्या दिवशी गौराचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला.

"भाऊजी," ती म्हणाली, "बाबांचं चुकलं कसं?"

"म्हणजे?"

"बाबांचं हिशोबात चुकत न्हाई हो. कदी म्हंजे कदीच न्हाई. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं नीट बघतीय. शर्टाची गुंडी एक सोडून लावत्यात. काल सिग्नल सुटला तरी गाडी तशीच उभी. मागं पोरगी बसलेली... मला भ्या वाटायलंय."

दवाखान्यात न्या म्हणालो. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. कवटीच्या आत रक्त साकळलं होतं आणि मेंदूला दाबत होतं. खोदून खोदून विचारल्यावर मामांनी सांगितलं — दीडेक महिन्यापूर्वी नवी पेठेत एका दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, वाकून बाहेर येताना डोक्यात बसलं. रक्त आलं नाही म्हणून कुणाला बोलले नाहीत. डॉक्टर गौराला म्हणाले, "हे स्कूटी चालवत होते? लहान मुलीला घेऊन?" दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. रक्त काढलं. मामा वाचले, आणि आता ठीक आहेत.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आपली माणसं!

कालपर्यंत मी उद्धट जावई होतो, आज देवमाणूस झालो. महेशच्या सासूबाईंनी कुणाच्या तरी मुलीची पत्रिका पाठवली. शेजारचे म्हणाले, "पोराला मेडिकलला सीट लागंल का, एक चिठ्ठी काढा की." मी घसा फोडून सांगतोय की हे गणित आहे, हा घ्या कागद, तुम्हीच करा. तर म्हणे, "गणित आमाला काय कळतंय? तुमच्या हातात हाय ते." स्वतः सुरेखा, जिनं चिठ्ठ्या बघायला नकार दिला होता, तिनं ती ११८०ची चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली. मी काढली. तिनं पुन्हा ठेवली. यावरून आमचं जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही.

आणि शहाण्यांचीही कमी नाही. युनिटमधला एक मित्र म्हणतो, "तूच लिहिलं असशील तंद्रीत." अरे, लिहिलं मीच! अक्षर माझंच आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण तंद्रीत लिहायला दुसरा कुठलाही आकडा नव्हता? आणि ते पाकीट नेमकं त्या दिवशी गठ्ठ्यात सगळ्यात वर? मामांनी हात वर करायच्या कितीतरी आधी? यावर तो "योगायोग" म्हणाला आणि चहा प्यायला गेला. मला त्याचाही तेवढाच राग आला. देवभोळ्यांइतकीच यालाही नीट बघायची इच्छा नाही.

सगळ्यात जास्त लाज वाटते ती लोक आभार मानतात तेव्हा. मी मामांच्या काळजीनं ती चूक दाखवली नव्हती. माझं खरं करायला दाखवली होती.

मागच्या महिन्यात मामांनी निरोप धाडला — जावईबापूंना म्हणावं, दोन्ही कागद घेऊन या. त्यांचा हिशेबाचा कागद गौरानं खिशातून काढून माझ्याकडं दिला होता. तो आणि देव्हाऱ्यातली चिठ्ठी घेऊन गेलो. मामा अंगणात खुर्चीवर बसले होते, डोक्यावर टाक्यांची खूण, केस परत येत होते. मी आधी पायाला हात लावला आणि म्हणालो, "मामा, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी..."

"ते ऱ्हाऊ द्या." त्यांनी कोरा कागद घेतला. ६१४. ४१६. १९८. मग ८९१. मग १०८९. एका दमात, पेन न उचलता. मग माझी चिठ्ठी शेजारी ठेवली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडून बघितली.

"मी चुकनार, हे तुमाला ठाऊक व्हतं?"

"नाही मामा. शपथ घेऊन सांगतो."

"अक्षर तुमचंच हाय न्हवं?"

"माझंच."

मामांनी चष्मा काढला. रागावलेले होते, पण आवाज चढला नाही. "जावईबापू, चाळीस वर्सं मी मानसांच्या येन्याजान्याचे आकडे लिवले. मानूस डोळ्यानं बघितल्याबिगर एक आकडा लिवला न्हाई. तुमी न बघता लिवला. कसा?"

आतून गौरा चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला आणि चिठ्ठी पुन्हा उलटीसुलटी करून बघितली. मामा वाट बघत होते.

त्या 'कसा?'चं उत्तर मी आजही शोधतोय.