हवालदाराची खुर्ची

इसाकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरजगावला माहेरी होते. श्रावणातली सकाळ होती, भावजय उपासाची भगर शिजवत होती. मुलगा म्हणाला, "आई, समोरचे चाचा गेले. पहाटे छातीत दुखलं..." आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता विसर्जनाला कोपऱ्यावर कोण बसणार? अजून त्यांचं दफनही व्हायचं होतं आणि मला हे सुचत होतं. पण आमच्या चिंचेच्या गल्लीत राहणाऱ्या कोणालाही हेच सुचलं असतं.

फार वर्षांपूर्वी, मी नवी नवरी असताना, गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दगडफेक झाली. दोन दुकानं पेटली, एक हिंदूचं, एक मुसलमानाचं. सुरुवात कोणी केली हे दोन्हीकडचे अजून छातीठोकपणे सांगतात आणि दोघांचं कधी जुळत नाही. तेव्हापासून गल्लीचं नाव जे खराब झालं ते झालंच. दर विसर्जनाला पोलिसांची गाडी तोंडाशी येऊन उभी राहायची. आम्ही पत्ता सांगताना "पोस्टाच्या मागे" सांगायचो, लग्नपत्रिकेतही तेच छापायचो. माझ्या नणंदेला पाहायला कोल्हारचे पाहुणे आले, ते पोस्टापाशी गोंधळून उभे. भेटले नेमके इसाकभाई. "पोस्टामागं कायबी न्हाई, भिताड हाय नुसतं. तुमाला चिंचेची गल्ली पायजेल, चला," म्हणाले, आणि थेट आमच्या दारात आणून सोडलं. पाहुण्यांचे चेहरे उतरले, सासूबाईंचा तर पारच. लग्न मात्र झालं.

इसाकभाई एसटीत ड्रायव्हर. दगडफेकीच्या दिवशी ते मनमाडच्या गाडीवर होते, ही त्यांची कायमची सल. आपण असतो तर झालं नसतं, असं त्यांना खरंच वाटायचं. तुम्ही काय दगड झेलणार होता का, म्हणून मी चिडवायची. पुढे दर विसर्जनाला ते रजा टाकू लागले. कोपऱ्यावर दोन खुर्च्या मांडायचे, एक आपली, एक बंदोबस्ताच्या हवालदाराची, आणि मिरवणूक जाईपर्यंत दोघं चहा पीत बसायचे. कोणी पोरगा जास्त चेकाळला की इसाकभाई त्याला बापाच्या नावाने हाक मारायचे, एवढंच. वर्षं गेली, पुन्हा काही घडलं नाही, तरी पोलिसांची गाडी येतच राहिली.

"वहिनी, ज्या साली गाडी येनार न्हाई, त्या साली समद्या गल्लीला माझे पेढे," असं ते दरवर्षी म्हणायचे.

यंदा गाडी आली नाही. मी सकाळपासून सारखी गच्चीवर जाऊन बघत होते. मुलगा पोलीस ठाण्यात चौकशी करून आला, तर म्हणे आता तिकडे बंदोबस्ताची गरज वाटत नाही. आनंद व्हायला हवा होता... मी पुन्हा गच्चीवर जाऊन बघून आले. इसाकभाई नाहीत, गाडीही नाही. आमची गल्ली आता तशी राहिली नाही, हे मी इतकी वर्षं पाहुण्यारावळ्यांना पटवत आले, आणि ते मलाच पटलेलं नव्हतं. मुलाला मी दुकान लवकर बंद करायला लावलं.

दुपारी समोरून इसाकभाईंच्या घरातून भाभींनी हाक मारली. नवरा गेल्यावर त्या इद्दत पाळताहेत, काही महिने उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. दाराच्या पडद्याआडून त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला, लेकीकडून मागवलेला. म्हणाल्या, "त्यांचा शबूद हुता. आन ताई, मला भाईर येता येत न्हाई... खुर्च्या तेवढ्या तुमी मांडा."

मी दोन्ही मांडल्या. इसाकभाईंच्या खुर्चीवर बसवेना, म्हणून हवालदाराच्या खुर्चीवर बसले. ढोल जवळ येत होते. पेढा मुठीत होता, पण मिरवणूक पुढे जाईपर्यंत तो काही माझ्याच्याने खाववला नाही.