टेबलाखालची खूण

पॉलिशवाल्याला बढती मिळाली, तेव्हा त्याच्या बायकोने मायदेशातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. तिचा भाऊ थट्टेखोर. तो म्हणाला, "दे साहेबांना फोन. काय साहेब, आता तरी नखं पांढरी होतील ना?" पॉलिशवाल्याची नखे लाखेने कायमची तपकिरी झालेली होती. लग्नाच्या फोटोतही त्याने हात पाठीमागे धरलेले दिसतात. तो फोटो मी पाहिला आहे.

परदेशात कामाला आलेल्या माणसांच्या हकिगती मी टिपून ठेवतो आणि शक्यतो एकाच्याच सांगण्यावर विसंबत नाही. पॉलिशवाला, त्याची बायको आणि त्याच्या हाताखालचा कारागीर, ज्याला सगळे दाढी म्हणतात, या तिघांशी मी वेगवेगळा बोललो. जिथे तिघांचे जुळत नाही, तिथे तसे सांगेन.

कारखाना जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचा. पुढच्या खोलीत सुतार, मधल्या खोलीत घासकाम, आणि अगदी आत, पंख्याखाली, पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळायचा आणि लाकडावरून फिरवत राहायचे. बोळा क्षणभर थांबला तरी तिथे डाग धरतो. सगळ्यांत अवघड शेवटचा हात: बोळ्यात लाख जवळजवळ नसते, नुसते स्पिरिट, आणि दाब असा की पृष्ठभाग उजळावा पण ओढला जाऊ नये. हा हात जो देतो, तो वस्तू उलटी करून खालच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने आपली खूण करतो. पॉलिशवाल्याची खूण गोल, दाढीची दोन तिरक्या रेघा. तक्रार आली की कारखान्याच्या मालकीणबाई आधी खाली वाकून बघत. "खालच्या बाजूला पॉलिश करत नाहीत," पहिल्याच भेटीत पॉलिशवाल्याने मला सांगितले, "म्हणून खूण राहते."

बढती म्हणजे देखरेखीचे काम. अंगात स्वच्छ कोट, हातात फोन, गिऱ्हाइकांशी बोलणे. बोळे ठेवायचा घट्ट झाकणाचा डबा त्याने दाढीला देऊन टाकला. दाढीही त्याच्यासारखाच बाहेरून आलेला, त्याच्याच भाषेचा, त्याच्या मागून वर्षभराने.

तिकडच्या कायद्याप्रमाणे, टंचाई असलेल्या हातकामाच्या यादीत ज्याचा धंदा असेल आणि तो त्याने सलग पाच वर्षे केला असेल, त्याला कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. अर्जात मुलेही घालता येतात, मात्र ती सज्ञान होईपर्यंतच. पॉलिशवाल्याची मुलगी शाळेच्या शेवटच्या इयत्तांत होती. तिथल्या शाळेत तिचा जम बसला होता. स्वप्ने तिला कोणत्या भाषेत पडतात, यावरून आईशी तिचे वाद होत. पाच वर्षे भरली तेव्हा तिला सज्ञान व्हायला थोडाच अवकाश होता. वेळ अगदी जमून आली होती.

अर्ज भरून देणाऱ्या सल्लागार बाईंनी कागद चाळले आणि चष्मा काढला.

"शेवटचं वर्ष तुम्ही देखरेख करत होता?"

"हो. बढती मिळाली," बायको अभिमानाने म्हणाली.

"यादीत घासकाम आणि पॉलिश आहे. देखरेख नाही."

"अहो, पण बढती म्हणजे चांगलंच ना?"

"तुमच्यासाठी चांगलं. अर्जासाठी खंड. पुन्हा हातकामावर गेलात तर पाच वर्षं तिथून मोजतील."

पॉलिशवाला खुर्चीत पुढे सरकला. तो म्हणाला, "पण बाई, मी पॉलिश सोडलंच नव्हतं."

"कशावरून?"

पुरावा कुठेच नव्हता, आणि तो नसण्याला पॉलिशवाला स्वतःच कारण होता. दाढीचा हात तोवर बसला नव्हता. त्याच्या शेवटच्या हातानंतर टेबल धुके धरल्यासारखे दिसे. जेवणानंतर मालकीणबाई बाहेर गेल्या की पॉलिशवाला कोट खुंटीला अडकवायचा, दाढीच्या हातातला बोळा घ्यायचा आणि शेवटचा हात स्वतः द्यायचा. मग वस्तू उलटी करून खूण करायचा, पण आपली नव्हे. दोन तिरक्या रेघा.

असे का, हे मी दोघांना विचारले. पॉलिशवाला म्हणाला, "त्याचं नाव व्हावं म्हणून. मालकिणीने त्याला घासकामाला परत पाठवलं असतं." दाढी म्हणाला, "साहेब झालेल्या माणसाने बोळा धरलेला बाईंना खपला नसता, म्हणून." दोन्ही खरे असावे. बायकोचे मत तिसरेच: "हात शिवशिवायचे, दुसरं काय! घरीसुद्धा दरवाजा दिसला की बोट फिरवून बघतात."

सल्लागार बाईंनी एक वाट सांगितली. शेजारी काम करणाऱ्याने लिहून द्यायचे, की देखरेखीच्या काळातही हा माणूस रोज स्वतः पॉलिश करत होता, आणि अमुक अमुक वस्तू त्याच्या हातच्या आहेत.

म्हणून एका रविवारी दुपारी नवरा-बायको दाढीच्या खोलीवर गेले. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेले मोजे. दाढीने पाहुण्यांना खाटेवर बसवले आणि चहा केला. पॉलिशवाला चहाबद्दल बोलला, खिडकीच्या चौकटीला भुंगा लागल्याबद्दल बोलला. शेवटी बायकोनेच तोंड उघडले.

"भावजी, तुमच्याकडे एक काम आहे."

"ठाऊक आहे, वहिनी. कारखान्यात कुणाचं काय झाकून राहतंय?"

"खोटं लिहा असं म्हणत नाही आम्ही. झालं तेवढंच लिहा."

"झालं तेच आहे, म्हणून तर भीती वाटते." दाढी खुर्चीच्या कडेवर बसला होता. "पुढच्या वर्षी माझा अर्ज जाईल. तेव्हा हाच कागद माझ्यासमोर ठेवतील. म्हणतील, या वस्तू त्याच्या हातच्या, तर वर्षभर तू काय करत होतास? काय सांगू? बघत होतो?"

"पोरीचं वर्ष आहे हो."

"मलाही दोन आहेत, वहिनी. तुमची तुमच्या डोळ्यांसमोर तरी आहे. माझी धाकटी मला फोनमधला बाबा म्हणते."

पॉलिशवाला उठला. "चहा झाला ना? चला, निघू."

"मेस्त्री, तुम्ही तरी काहीतरी बोला की!" दाढी म्हणाला. "शिव्या द्या हवं तर."

"त्या चौकटीला तेल लाव," पॉलिशवाला म्हणाला. "पोखरून काढील."

जिन्यात बायको रडली, असे ती सांगते. रडली नाही, भांडली, असे तो सांगतो. "यांनी एक शब्द काढला नाही," ती मला म्हणाली. "मागणं माझ्या तोंडून गेलं, वाईट मी झाले. आणि हे त्याला खिडकीची निगा शिकवतायत!"

दाढीने काहीच दिले नाही, असे मात्र नाही. दोन दिवसांनी त्याने एक पत्र आणून दिले. मेस्त्रींनी मला हाताला धरून पॉलिश शिकवले, रोज शिकवले, असे त्यात होते. पत्राची प्रत मी वाचली आहे. त्यात एकही वाक्य खोटे नाही आणि जे हवे होते ते एकही वाक्य नाही. कचेरीने शिकवणे हा देखरेखीचाच भाग धरला आणि अर्ज फेटाळला.

पॉलिशवाल्याने कोट परत केला आणि आतल्या खोलीत दाढीशेजारचे जुने टेबल धरले. पाच वर्षे नव्याने सुरू झाली. मुलीने कागद स्वतः वाचला. तिला ती भाषा दोघांपेक्षा चांगली येत होती.

"म्हणजे मी आता यात बसत नाही," ती म्हणाली.

"तुझं शिक्षण झालं की तुझा वेगळा अर्ज करू," बाप म्हणाला.

"करू या. आणि बाबा, तुम्हाला आधी मिळालं तर मला पाहुणी म्हणून बोलवा हं."

ती हसत म्हणाली की कशी, यावरही नवरा-बायकोचे एकमत नाही. शाळा संपल्यावर आई तिला घेऊन मायदेशी परतली. तिथे ती आजोळी राहून कॉलेजात जाते आणि मामाला साहेबांची थट्टा करू देत नाही. पॉलिशवाला कामासाठी मागे राहिला. खोली त्याने बदलली नाही. मुलीच्या टेबलावर आता त्याचे औषध आणि चष्मा असतो.

दाढीचा अर्ज मंजूर झाला. त्याची बायको आणि दोन्ही मुली आल्या. पुढे मालकीणबाईंनी रिकामा कोट त्यालाच दिला. त्याला आता खंडाचे भय नव्हते. डबा त्याने पॉलिशवाल्याला परत केला. दोघे एकमेकांशी कामापुरते बोलतात. पॉलिशवाल्याची गोल खूण आता पूर्वीपेक्षा मोठी असते. दाढीने त्याला एकदा विचारले म्हणे, "एवढी मोठी कशाला? मी काय पुसणार आहे?" त्यावर पॉलिशवाल्याने डब्याचे झाकण दाबून बसवले.

गेल्या महिन्यात एक गोल टेबल गरम भांड्याच्या डागासाठी परत आले. दाढीने ते उलटे केले. खाली त्याच्या दोन रेघा होत्या, त्या वर्षातल्या. पुढचे दाढीने स्वतः मला सांगितले: "मी खिशातली पेन्सिल काढली आणि शेजारी गोल काढला. म्हटलं, मेस्त्री, हे तुमचं आहे. आता म्हणाल तिथे लिहून देतो. ते म्हणाले, आता कुणासाठी? आणि टेबल सरळ केलं."

पॉलिशवाल्याला मी याबद्दल विचारले. असे काही घडल्याचे त्याला आठवत नव्हते. ते टेबल तेव्हा कारखान्यातच, गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे होते. पॉलिशवाल्याची परवानगी घेऊन मी खाली वाकलो. दोन तिरक्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. त्यांच्या शेजारी पॉलिश पेपरने घासलेली एक ताजी, फिकट जागा होती.

"इथे काहीतरी होतं का?" मी विचारले.

"पॉलिश करताना गेलं असेल," तो म्हणाला आणि बोळा घेऊन दुसऱ्या टेबलाकडे वळला.