पोटरीतला आवाज

उजव्या हाताने घराची किल्ली फिरेना, तेव्हा मी आधी कुलपात तेल घातलं. तरीही फिरेना. मग हात नीट पाहिला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग डाव्या हातापेक्षा बारीक झाला होता आणि आपोआप फडफडत होता. पाच मिनिटांत अकरा वेळा. मी वहीत लिहून ठेवलं.

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं दुखणं असंच हातापासून सुरू झालं होतं. मज्जातंतू मरत गेले. मग पाय, मग गिळणं. दोन वर्षांत ते गेले. त्यामुळे तीन आठवड्यांनी माझी पोटरी फडफडली, तेव्हा ती नोंद करताना आकडा दोनदा गिरवला गेला.

"अहो, ही वही डॉक्टरांना दाखवणार, की छापून घेणार?" पत्नी म्हणाली. पण वेळ तिनेच घेतली, आणि वारज्यातल्या घरापासून दवाखान्यापर्यंत रिक्षात वही स्वतःच्या पिशवीत धरून बसली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. हाताची तपासणी झाल्यावर त्यांनी यंत्राला जोडलेली बारीक सुई काढली.

"मेंदूचा निरोप मज्जातंतूतून येतो. त्याच्या टोकाशी रसायन सुटतं आणि स्नायूच्या पेशीत वीज उठते. ती या यंत्रात ऐकू येते. निरोप नसेल तर शांतता हवी. हाताची नस कोपरात दबलेली दिसतेय. पण पोटरी शांत आहे ना, ते बघू."

सुई आत गेली. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज सुरू झाला आणि थांबेचना.

"पायातही आलंय?" मी विचारलं.

"काका, पाय ताणून धरलाय तुम्ही. हे निरोप तुमचेच आहेत."

"मी काहीही करत नाहीये."

"घाबरलेली सगळी माणसं हेच सांगतात. पाऊल स्वतःकडे ओढा, नडगीचा स्नायू काम करेल आणि पोटरी सैल पडेल."

ओढलं. आवाज विरळ झाला, मग बंद. मी मोजू लागलो. बावीसपर्यंत काही नाही. त्यांनी सुई जरा सरकवली. खर्रकन आवाज आला, आणि पुन्हा शांत. असं चार ठिकाणी.

"पाय ठीक आहे. नुसती फडफड पुष्कळांना होते. कोपराचं मात्र ऑपरेशन लागेल बहुधा."

परतताना रिक्षात पोटरी पुन्हा उडाली. वही पत्नीच्या पिशवीत होती. मी मागितली नाही.

"किती?" तिने बाहेर बघतच विचारलं.

"चार."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवीची चेन ओढून घेतली.