कॉलरची पिन

बडोद्याच्या सयाजीगंजातल्या त्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला मी नेहमी भेटते, माझा नंबरही त्याच्या वहीत आहे, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. त्याच्या कॉलरला सिम काढायची पिन अडकवलेली असते. कुठल्याही फोनबद्दल विचारा, तो आधी वाईटच सांगतो.

मला अँड्रॉइड सोडून लिनक्सवर चालणारा फोन घ्यायचाय म्हटल्यावर तो म्हणाला, "जुओ बेन, बँकेचं ॲप चालणार नाही. फोटो धुरकट येणार. बॅटरी संध्याकाळी मान टाकणार. कॉल मात्र लागतो." डोळे मात्र नुसते चमकत होते!

"मग घेऊ की नको?" मी वैतागले.

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. लिनक्सचाच! कॉलरची पिन ओढली, आपलं सिम काढून माझं घातलं. "आठ दिवस रोजची सगळी कामं यावर करा, मग ठरवा."

"आणि तुमचं काय?"

"दुकानात लँडलाइन छे ने!"

मी रस्ता ओलांडते न ओलांडते तोच हातातला फोन वाजला. पहिलाच कॉल! लगेच उचलला.

"लागला ने?"

वळून पाहिलं. लँडलाइनची वायर ताणून तो पायरीपर्यंत आला होता आणि माझ्यापेक्षा जास्त हसत होता.