उपवासाचा कोन

'उपवासाचा' या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. ही चूक माझी, ती आधी कबूल करतो. बाकीच्यांना मात्र मी सोडणार नाही.

माझी भाची सहा वर्षांची असताना तिच्या पोटाचं दुखणं डॉक्टरीणबाईंना सापडलं. गहू चालत नाही. पोळी बंद, बिस्किट बंद, शेवया बंद, मैद्याचा कणही बंद. सन दोन हजार उलटून गेलं होतं, तरी 'यात गहू नाही' असं छापलेलं एकही पाकीट मी वर्ध्यात पाहिलं नव्हतं. ज्वारीच्या भाकरीवर पोरगी टुणटुणीत झाली. तक्रार एकच. आइस्क्रीमच्या दुकानात चुलतभावंडांच्या हातात कोन आणि हिच्या हातात कप.

"मामा, त्यायले भांडं बी खायले भेटते," ती म्हणाली. "मलेच काऊन फेकाव लागते?"

मी तेव्हा भेसळीविरुद्ध पत्रकं वाटत फिरायचो. बसस्थानक, बाजार, कॉलेजचं फाटक. 'दुकानदाराला विचारायला लाजू नका' हे वाक्य माझंच. म्हणून दुकानोदुकानी विचारत सुटलो. "कोन मैद्याचाच राह्यते भाऊ," एकानं ऐकवलं, "कागदाचा वळून देऊ का?"

मग नालवाडीत एक काकू सापडल्या. घरीच कोन करायच्या. श्रावणात राजगिऱ्याचे. दारावर खडूनं लिहिलेलं : उपवासाचा कोन मिळेल. मी तिथंच थबकलो. उपवासाला गहू चालत नाही, म्हणजे भाचीचं पथ्य पाळणारी माणसं घरोघरी होतीच की! माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

"काकू, पिठात गहू, मैदा काही?"

"उपवासाचं हाय ना बापा! राजगिरा, साबुदाण्याचं पीठ, साखर. गहू कायले टाकीन?"

मी भाचीचं दुखणं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी "अगं माय" म्हणत एक कोन जास्तीचा दिला. "पोरीले देजो."

कोन डब्यात, चमचा घरचा, असे आम्ही आइस्क्रीमच्या दुकानात गेलो. दुकानदार हसला. "कोन तुमचा, चमचा तुमचा. आता गायच घेऊन या भाऊ, मी नुसता बसून राह्यतो." भाचीनं कोन शेवटच्या टोकापर्यंत खाल्ला आणि फेकायला काही उरलं नाही म्हणून रिकामे हात सगळ्यांना दाखवले.

आठवड्याला दोन कोन सुरू झाले. महिनाभरात तिचं पोट पुन्हा फुगलं. जुलाब लागले, हातपाय काटकुळे झाले. ताई म्हणाली, शाळेत कुणाच्या डब्यातलं खात असणार. मीही तिला समोर उभं केलं.

"बिस्किट खाल्लंस ना?"

"नाई मामा."

"मग पोट आपोआप फुगलं?"

ती रडायला लागली. मी सोडलं नाही. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी ती "हो" म्हणाली. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. खरं बोलली म्हणून त्या शनिवारी मी तिला एक कोन जास्त दिला.

पुढचं पाकीट आणायला मी सकाळीच गेलो. काकू कामात होत्या. गॅसवर लोखंडी साचा. त्याला त्यांनी डालडा फिरवला, वर चिमूटभर पांढरं पीठ भुरभुरवलं आणि मग राजगिऱ्याचं पीठ ओतलं.

"हे पांढरं काय?"

"मैदा. नाईतर राजगिरा साच्याले चिकटून बसते."

"तुम्ही तर गहू नाही म्हणाला होता!"

"पिठात नाईच. तू पीठ इचारलं होतं."

"आणि हे उपवासाचं म्हणून खाणारे?"

"त्यायले कुठं मालूम? अन् देव काई साचा पाह्यले येत नाई."

"पोरगी आजारी पडली काकू!"

"एवढ्याशा भुकटीनं? काईतरीच. लाड करून ठेवले तुम्ही."

त्या ओशाळल्यासुद्धा नाहीत. पुढचा कोन वळू लागल्या. देवाच्या नावानं लिहिलेला शब्द, आणि त्याखाली असा बेफिकीर हात! ज्या बाईनं माझ्या तोंडून सगळं ऐकून "अगं माय" म्हटलं, तिनंच दुसऱ्या दिवशी पुन्हा मैद्याचा डबा उघडला होता. दारावरची अक्षरं मी तळहातानं पुसली. खडू हाताला लागला, बस. त्या आतून म्हणाल्या, "पुस, पुस. उद्या पुन्हा लिहीन."

घरी येऊन ताईला सांगितलं. मग भाचीजवळ बसलो.

"तू बिस्किट खाल्लंच नव्हतं?"

"नाई."

"मग हो काऊन म्हणाली?"

"तू थांबतच नव्हता."

मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि ताईच्या मांडीवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.